सतरा वर्षं मंचापासून दूर ठेवलेला आवाज : क्रोएशियाचे गायक वित्से वूकोव

युरोपात एड्रियाटिक समुद्राच्या काठावर क्रोएशिया नावाचा छोटासा देश आहे. आज तो स्वतंत्र असला तरी 1991 पर्यंत युगोस्लाव्हियाच्या सहा प्रजासत्ताकांपैकी एक होता. तिथल्या जुन्या पिढीसमोर वित्से वूकोव यांचं नाव काढलं, की गाण्यांबरोबर बंदीचीही आठवण निघते.

वूकोव यांचा जन्म 3 ऑगस्ट 1936 रोजी किनाऱ्यावरच्या शिबेनिक या गावी झाला. शिक्षणासाठी ते राजधानी झाग्रेबला आले आणि तिथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान व इटालियन भाषा शिकले. गळा गोड होता, आवाज भारदस्त होता. 1959 च्या सुमारास ते मंचावर आले आणि थोड्याच वर्षांत घराघरांत पोचले. त्या काळी तिकडे गाण्यांचे महोत्सव भरायचे. झाग्रेब, ओपातिया, स्प्लिट अशा शहरांत नवी गाणी सादर व्हायची आणि तिथूनच गायक मोठे व्हायचे.

पुढे त्यांना युरोव्हिजन या मोठ्या गीतस्पर्धेत युगोस्लाव्हियातर्फे गायची संधी दोनदा मिळाली. 1963 साली लंडनमध्ये ‘ब्रोडोवी’ म्हणजे ‘जहाजं’ हे गाणं गाऊन ते अकराव्या क्रमांकावर आले. 1965 साली इटलीतल्या नेपल्समध्ये ‘चेझ्न्या’ म्हणजे ‘ओढ’ या गाण्याला बारावा क्रमांक मिळाला. बक्षीस काही हाती लागलं नाही, पण देशातली लोकप्रियता वाढतच गेली. स्वतः समुद्रकाठचे असूनही उत्तरेकडच्या झागोर्ये डोंगराळ भागातल्या बोलीतलं ‘सुझा झा झागोर्स्के ब्रेगे’ हे गाणं त्यांनी असं गायलं, की त्या भागातल्या लोकांना ते आपलंच वाटलं.

मग राजकारण आडवं आलं. 1967 साली क्रोएशियातल्या लेखक-भाषातज्ज्ञांच्या संस्थांनी आपल्या भाषेला तिचं स्वतःचं नाव आणि बरोबरीचा दर्जा हवा, असं जाहीरनामा काढून सांगितलं. पर्यटनातून आणि परदेशी कामगारांकडून येणारं परकीय चलन बेलग्रेडकडे जातं, आपल्या वाट्याला थोडंच उरतं, हीही तक्रार होती. यातून ‘क्रोएशियन वसंत’ म्हणून ओळखली जाणारी चळवळ उभी राहिली. वूकोव तिच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या कार्यक्रमांत मायभूमीची गाणी होऊ लागली, लोकही गर्दी करू लागले.

डिसेंबर 1971 मध्ये मार्शल टिटो यांनी क्रोएशियाच्या नेत्यांना पायउतार व्हायला लावलं. धरपकड सुरू झाली. वूकोव तेव्हा ऑस्ट्रेलियातल्या क्रोएशियन मंडळींसाठी दौऱ्यावर होते. परत गेलो तर अटक होणार, हे त्यांना तिथेच कळलं. घराकडे न जाता त्यांनी पॅरिस गाठलं आणि 1976 पर्यंत तिथेच दिवस काढले.

परतल्यावर तुरुंग टळला, पण शिक्षा काही चुकली नाही. पासपोर्ट काढून घेतला गेला आणि जाहीर गाण्यावर बंदी कायम राहिली. गायकाला गाऊ न देणं म्हणजे त्याचं पोटच नव्हे, ओळखही काढून घेणं. चाळिशी-पन्नाशीची वर्षं, म्हणजे गळा पिकलेला असतो ती वर्षं, त्यांची अशीच गेली. नवी पिढी त्यांना मंचावर न पाहताच मोठी झाली.

1989 मध्ये जुनी व्यवस्था डळमळू लागली, तेव्हा बंदी उठली. झाग्रेबच्या लिसिन्स्की सभागृहात वूकोव पुन्हा उभे राहिले. तिकिटं संपली, कार्यक्रमांमागून कार्यक्रम झाले. सतरा वर्षांत लोक काही विसरले नव्हते. 1999 साली त्यांनी क्रोएशियाच्या संगीतसृष्टीतल्या चाळीस वर्षांवर आठवणींचं पुस्तकही लिहिलं.

2003 साली ते संसदेत निवडून गेले, तेही सोशल डेमोक्रॅटिक पक्षाच्या यादीतून, अपक्ष म्हणून. हा पक्ष जुन्या कम्युनिस्ट पक्षाचाच वारस. ज्या व्यवस्थेने तोंड बंद केलं, तिच्या वारसांसोबत बसायला त्यांना कमीपणा वाटला नाही. मायभूमीवर प्रेम करायला जन्मभर वैर धरावं लागत नाही, हे त्यांच्या वागण्यातून दिसलं.

17 नोव्हेंबर 2005 रोजी संसद भवनाच्या जिन्यावरून ते पडले. डोक्याला जबर मार लागून ते कोमात गेले. जवळजवळ तीन वर्षं तशाच अवस्थेत काढून 24 सप्टेंबर 2008 रोजी झाग्रेबमध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला. ज्यांनी बंदी घातली त्यांचा देश आज नकाशावर उरलेला नाही. वूकोव यांची गाणी मात्र क्रोएशियात अजून वाजतात.