सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या

एखादी वस्तु मोडली म्हणजे आपण दैवास, पावसास किंवा ती वापरणाऱ्यास बोल लावतों. ती घडवितांनाच तिच्यांत कांहीं उणीव राहिली असेल काय, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो प्रश्न विचारून ज्यांनीं लोककल्याण साधलें, असे थोर स्थापत्यविशारद म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. १५ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस भारतांत अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

म्हैसूर संस्थानांतील मुद्देनहळ्ळी हें त्यांचें जन्मग्राम. पितृछत्र लवकर हरपल्यामुळें शिकवण्या करून त्यांनीं बंगळूर येथें पदवी मिळविली. पुढें पुण्याच्या सायन्स कॉलेजांत स्थापत्यशास्त्राचें अध्ययन करून १८८३ सालीं ते परीक्षेंत पहिले आले, व १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले.

पुण्याजवळील खडकवासला तलाव पावसाळ्यांत भरून वाहे व तें पाणी वायां जाई. धरण उंच करावें, तर जुन्या दगडी बांधकामावर नवा भार पडावयाचा. तेव्हां विश्वेश्वरय्यांनीं सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे योजिले. पाणी ठराविक पातळीवर चढलें कीं ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला कीं आपोआप मिटत. १९०३ सालीं हे दरवाजे तेथें बसविण्यांत आले. पहारेकऱ्यास डुलकी लागली तरी पूर अडून राहूं नये, हा विवेक त्या रचनेंत होता.

२८ सप्टेंबर १९०८ रोजीं हैदराबादेंत मुसी नदीस महापूर येऊन हजारों माणसें प्राणांस मुकलीं. आपला देवणीचा मुलूखहि त्या वेळीं त्याच राज्यांत होता. राज्याच्या बोलावण्यावरून १९०९ सालीं विश्वेश्वरय्या तेथें गेले. अतिवृष्टीस दोष देऊन त्यांस स्वस्थ बसतां आलें असतें. परंतु त्यांनीं पर्जन्यमापनाचीं टिपणें तपासलीं आणि नदीच्या वरच्या अंगास काय घडलें याचा शोध घेतला. तेथील शेंकडों लहान तलावांपैकीं दोनशेंहून अधिक फुटले होते. मातीच्या भरावावरून पाणी वाहूं लागलें कीं भराव खचूं लागतो. म्हणून पुरेसा सांडवा हाच तलावाचा खरा रक्षक होय. एक तलाव फुटला कीं त्याचें पाणी खालच्या तलावावर कोसळतें, आणि मग धड असलेला तलावहि टिकत नाहीं. याकरितां शहराच्या वर मोठे जलाशय बांधून पुरासाठीं त्यांत जागा राखावी, असा सल्ला त्यांनीं दिला. त्यांतूनच मुसीवर उस्मानसागर १९२० सालीं व ईसी नदीवर हिमायतसागर १९२७ सालीं उभा राहिला.

१९५५ सालीं ते भारतरत्न झाले, व १४ एप्रिल १९६२ रोजीं बंगळूर येथें निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, मोडलेल्या वस्तूचे तुकडे फेंकून देण्यापूर्वीं ते न्याहाळून पाहा. तीच वस्तु त्याच जागीं पुनःपुन्हां मोडत असेल, तर वापरणाऱ्याच्या हातास दोष देण्याआधीं तिच्या घडणीकडे लक्ष द्या. पालकांनींहि मुलांच्या अशा प्रश्नांस उत्तेजन द्यावें.