बांबूच्या हिशेबापासून ग्रहांच्या गतीपर्यंत : पाटणशी नातं सांगणारे भास्कराचार्य

चाळीसगाव : साइन-कोसाइनची सूत्रं पाहून अकरावी-बारावीच्या पोरांना घाम फुटतो. त्यातली काही इसवी सन ११५० मध्येच संस्कृत श्लोकांत बसवणारे भास्कराचार्य आपल्या तालुक्यातल्या पाटणशी जोडलेले आहेत.

जन्म १११४ चा. गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड. ते नेमकं कुठलं, हा अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. गुरू म्हणजे वडील महेश्वर. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी सिद्धान्तशिरोमणी लिहिला. लीलावती आणि बीजगणित हे त्याचेच भाग मानतात.

लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाचा मुहूर्त हुकला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. ती आली १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून. मूळ ग्रंथात नाही. खरी मजा तर त्यातल्या गणितांत आहे. ३२ हातांचा बांबू वाऱ्यानं मोडला, शेंडा बुडापासून १६ हातांवर टेकला. मोडला किती उंचीवर? उत्तर १२ हात. तिरका तुकडा राहिला २० हातांचा. १२ चा वर्ग १४४, १६ चा २५६, बेरीज ४००, म्हणजे २० चा वर्ग. हिशेब जुळला.

बीजगणितातलं एक मात्र भल्याभल्यांना दमवणारं. पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणा, १ मिळवा. येणारी संख्याही पूर्ण वर्ग हवी. सगळ्यात लहान उत्तर २२,६१,५३,९८०! एकेक संख्या तपासत बसलं तर जन्म जाईल. भास्कराचार्यांनी ते चक्रवाल पद्धतीनं मोजक्या पायऱ्यांत काढलं. फ्रान्सच्या फर्मानं हेच ६१ चं कोडं युरोपातल्या गणितींपुढं टाकलं ते १६५७ साली.

ग्रहाची त्या क्षणाची गती काढताना त्यांनी ओळखलं, की साइनमधला बारीक फरक कोसाइनच्या प्रमाणात असतो. बारावीत साइनचं डेरिव्हेटिव्ह कोसाइन म्हणून शिकवतात, ते हेच. सगळं कॅल्क्युलस त्यांनीच शोधलं म्हणणं जास्त होईल, पण ही पायरी त्यांची पक्की होती.

११८३ मध्ये, उतारवयात, त्यांनी करणकुतूहल लिहिला. पुढं नातू चांगदेव (संत चांगदेव वेगळे) यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्यानं पाटणला मठ काढला. तिथल्या १२०७ च्या सुमाराच्या शिलालेखाचा शेवट त्या काळच्या मराठीत आहे. बाजारात येणाऱ्या मालावर मठाला काय द्यायचं आणि प्रत्येक घाण्यामागं किती तेल द्यायचं, हे त्यात कोरून ठेवलंय.