हिमशिखरांच्या मोजणीचा पाया : विल्यम लॅम्बटन

आपल्या उत्तरेस असलेला नेपाळ देश आकाराने लहान. पण जगातील आठ हजार मीटरांहून उंच अशा चौदा शिखरांपैकी आठ त्याच्या भूमीवर व सीमेवर उभी आहेत. त्यांत सर्वांत उंच ते सागरमाथा, अर्थात एव्हरेस्ट. त्याच्या माथ्यावर मानवाचे पाऊल १९५३ साली पडले. उंची मात्र त्याच्या शंभर वर्षे आधीच मोजली गेली होती. ज्या महान मोजणीमुळे हे साध्य झाले, तिचा आरंभ करणारा पुरुष मराठी मुलखातच, वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे चिरनिद्रा घेत आहे. त्याचे नाव विल्यम लॅम्बटन.

लॅम्बटन यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात एका सामान्य कुटुंबात झाला. गणिताची त्यांना उपजत आवड होती. सैन्यात शिरून ते अमेरिकेत गेले. तेथे सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. पुढे ते हिंदुस्थानात आले. १७९९ साली टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री आपली तुकडी वाट चुकून शत्रूच्याच दिशेने चालली आहे, हे त्यांनी केवळ ताऱ्यांवरून ओळखले.

युद्ध संपताच त्यांनी दक्षिण भारताच्या मोजणीची योजना सरकारपुढे मांडली. त्यांची पद्धत भूमितीची होती. समजा, बेळगावजवळच्या सपाट मैदानावर आपण एक सरळ रेषा काटेकोर मोजली आणि तिच्या दोन्ही टोकांवरून येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे पाहून कोन मोजले, तर गडापर्यंत न जाताही त्याचे अंतर काढता येते. मग त्रिकोणाची हीच बाजू पाया धरून पुढचा त्रिकोण, त्यावर आणखी पुढचा, असे करीत सारा देश मोजता येतो.

१८०२ साली मद्रास येथे साडेसात मैलांची पहिली पायारेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजण्यात आली. त्या एका रेषेला सत्तावन्न दिवस लागले! कोन मोजण्याचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ साली तंजावरच्या मंदिरावर चढविताना दोर तुटला व ते भिंतीवर आदळून त्याचे मोजचक्र वाकले. दुसऱ्या कोणी हाय खाल्ली असती. लॅम्बटन मात्र तंबूत बसले आणि सुमारे सहा आठवडे खपून त्यांनी ते चक्र स्वतःच्या हातांनी पूर्ववत केले.

रानावनांतून, तापाच्या साथींतून वीस वर्षे हे कार्य चालले. टेकड्यांच्या माथ्यांवर निशाणे घेऊन उभे राहणाऱ्या, यंत्रे वाहून नेणाऱ्या असंख्य भारतीय सेवकांचे कष्टही त्यात होते. त्यांची नावे मात्र इतिहासाने जपली नाहीत. वार्धक्य आले, छातीच्या विकाराने शरीर पोखरले, तरी लॅम्बटन थांबले नाहीत. हैदराबादहून नागपूरकडे जात असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. हिमालय अजून शेकडो कोस दूर होता.

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही मालिका पुढे नेली. १८४१ पर्यंत ती कन्याकुमारीच्या परिसरापासून देहरादूनजवळच्या डोंगरांपर्यंत, सुमारे २,४०० किलोमीटर पोहोचली. नेपाळात जाण्यास मोजणीदारांना मज्जाव असल्याने तराईतूनच, शंभराहून अधिक मैलांवरून, शिखरांचे कोन घेण्यात आले. त्यांवरील आकडेमोडीत राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. ‘पंधरावे शिखर’ एवढीच ज्याची ओळख होती, त्याची उंची २९,००२ फूट ठरली व १८५६ साली ती जाहीर झाली. २०२० साली नेपाळ व चीन यांनी अत्याधुनिक साधनांनी ठरविलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोहोंतील फरक अवघा नऊ मीटरांच्या आसपास!

शिखराला १८६५ साली नाव लाभले ते एव्हरेस्ट यांचे. सिकदार मागे राहिले, लॅम्बटन तर विस्मृतीतच गेले. परंतु कळस डोळ्यांत भरतो आणि पाया मातीत गाडलेला असतो, म्हणून पायाची थोरवी कमी होत नाही. विद्यार्थिमित्रांनो, भूमितीच्या वहीत त्रिकोण काढताना कंटाळा आला, तर हिंगणघाटच्या त्या समाधीचे स्मरण करा. जे शिखर आपल्या दृष्टीस कधीच पडणार नव्हते, त्याच्या मोजणीचा पाया एका माणसाने चोख घातला, एवढ्यावरच त्याचे जीवन कृतार्थ झाले.