बोरघाटाचा शिल्पकार : जेम्स बर्कले

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत सोडून डोंगराच्या अंगाशी भिडते, एकामागून एक बोगदे येऊ लागतात आणि डब्यातील मुले आनंदाने ओरडतात. हा प्रवास केला नाही असे कुटुंब आपल्या ज्ञातीत क्वचितच सापडेल. पुष्कळ वर्षांपूर्वी शाळेची सहल घेऊन आम्ही खंडाळ्यास गेलो असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, की गुरुजी, हा डोंगर कोणी फोडला? इंग्रजांनी, असे उत्तर देऊन आम्ही मोकळे झालो. परंतु ते उत्तर अपुरे होते, हे आमच्या मनास पुढे सतत टोचत राहिले. ज्या पुरुषाने ह्या घाटाची आखणी केली त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवून ते जुने ऋण आज फेडावे, असा आमचा मानस आहे.

जेम्स जॉन बर्कले ह्यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८१९ रोजी लंडनमधील हॉलोवे ह्या भागात झाला. त्या काळी स्थापत्याची विद्या मुख्यतः गुरूच्या हाताखाली राबून मिळवावी लागे. सतराव्या वर्षाच्या सुमारास बर्कले ह्यांची उमेदवारी सुरू झाली आणि पुढे ते रॉबर्ट स्टीफन्सन ह्या थोर अभियंत्याच्या हाताखाली आले. बाष्पयंत्राच्या इतिहासात ज्यांचे नाव अमर आहे, त्या जॉर्ज स्टीफन्सन ह्यांचे हे चिरंजीव. इंग्लंडमधील लोहमार्गांच्या कामावर शिष्याची योग्यता गुरूने पारखून घेतली.

इकडे मुंबईत लोहमार्ग व्हावा म्हणून नाना शंकरशेट व सर जमशेटजी जिजीभाई ह्यांच्यासारखे धुरीण १८४५ पासून खटपट करीत होते. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी कायद्याने स्थापन झाली. तिचे सल्लागार अभियंता स्टीफन्सन हेच होते व त्यांच्या शिफारशीने मुख्य अभियंत्याचे पद बर्कले ह्यांस मिळाले. तिशी नुकतीच ओलांडलेला हा तरुण १८५० साली मुंबईच्या कामावर रुजू झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली. चौदा डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि २१ मैलांचा मार्ग! पुढील वर्षी गाडी कल्याणास पोहोचली आणि १८५६ मध्ये घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीस, येऊन थांबली.

खरी परीक्षा येथून पुढे होती. सह्याद्री हा सरळ भिंतीसारखा उभा डोंगर. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला होता खरा. पण बैल जी चढण चढतो ती इंजिनास चढवत नाही. लोखंडी रुळांवर लोखंडी चाक. चढ थोडा वाढला की ते जागीच फिरू लागते. म्हणून चढ कमी ठेवण्यासाठी मार्ग लांबवीत न्यावा लागतो आणि मार्ग लांबविण्यास तर डोंगरात जागा नाही. बर्कले व त्यांच्या सहकाऱ्यांनी कडेकपारी पालथ्या घालून मोजणी केली आणि सुमारे १६ मैलांत १८३१ फूट उंची गाठणारी रेषा निश्चित केली. तिच्यात २५ बोगदे व ८ मोठे पूल होते. अवघड ठिकाणी ३७ फूट पुढे गेले की एक फूट वर, असा चढ होता. एके ठिकाणी तर वळण घेण्यासही जागा उरली नाही. तेथे त्यांनी गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकास लावावे व उलट दिशेने चढण पुढे चालू ठेवावी, अशी योजना केली. ते उलटे स्थानक १९२९ पर्यंत उपयोगात होते.

बर्कले ह्यांचा आणखी एक गुण आम्हां शिक्षकांस विशेष भावतो. आपली विद्या त्यांनी झाकून ठेवली नाही. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनपुढे १८५७ मध्ये बोरघाटावर व १८६० मध्ये थळघाटावर निबंध वाचून त्यांनी आपल्या कामाची रीत सर्वांपुढे मांडली.

काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. कमरेस दोर बांधून कड्यावरून खाली सोडलेले मजूर पहारीने भोके पाडीत, सुरुंग भरीत आणि बत्ती देऊन वर ओढले जात. पावसाळ्यात काम बंद पडे. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजुरांत मोठा क्षोभ होऊन दंगल झाली आणि फॅव्हिएल ह्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल हे हिंदुस्थानात येऊन थोड्याच आठवड्यांत मरण पावले. तेव्हा त्यांच्या विधवा पत्नी अॅलिस ह्यांनी कंत्राट अंगावर घेतले आणि दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती व्यवस्था सोपवून ते शेवटास नेले. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो काळ लक्षात घेता ह्या बाईंचे धैर्य असामान्यच म्हटले पाहिजे.

१८६१ च्या जानेवारीत घाटात ४२,००० माणसे राबत होती. डोंगरउतारावरील झोपड्यांतून बायकामुलांसह ती राहत. पटकी व ताप ह्यांनी त्यांतील फार मोठ्या संख्येने माणसे नेली. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत. घाटातील जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबांस डोंगरातील वाट ज्याने दाखविली तो धनगर म्हणजे हा शिंगरोबा, अशी लोकांची श्रद्धा असून जाणारे-येणारे तेथे नाणे वाहतात. ह्या कथेस कागदोपत्री आधार असो वा नसो, मोजणीच्या यंत्राआधी डोंगर ओळखणारा कोणी तरी येथलाच माणूस होता, ही जाणीव लोकांनी त्या देवळाच्या रूपाने जपली आहे, असे आम्हांस वाटते.

डोंगराने मुख्य अभियंत्यासही सोडले नाही. अकरा वर्षांच्या अविश्रांत श्रमाने प्रकृती ढासळून बर्कले १८६१ मध्ये स्वदेशी परतले आणि २५ ऑगस्ट १८६२ रोजी लंडनजवळ सिडनहॅम येथे, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, १८६३ च्या एप्रिलात, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या हस्ते बोरघाटाच्या मार्गाचे उद्घाटन झाले. खोपोली ते खंडाळा हा टप्पा पालखीने वा तट्टावरून ओलांडण्याचे प्रवाशांचे कष्ट संपले. थळघाटाचा मार्ग १८६५ च्या आरंभी खुला झाला. ज्याने दोन्ही घाट आखले, त्याने त्यांतून चढणारी गाडी एकदाही पाहिली नाही!

हे काम सर्वस्वी निर्दोष होते असेही नव्हे. १८६७ च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा पूल कोसळला व बांधकामातील कच्चेपणा उघडकीस आला. आखणी कितीही उत्तम असो, प्रत्येक दगड प्रामाणिकपणे बसविला गेला नाही तर ती व्यर्थ होते, हा त्यातील धडा होय.

तो विद्यार्थी आज स्वतः आजोबा झाला असेल. त्याने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर आता आम्ही सांगू, की बाळ, हा डोंगर बर्कले ह्यांनी आखला, एका विधवेने कंत्राट तडीस नेले आणि ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा हजारो हातांनी तो फोडला. आपल्या ज्ञातीतील जी मुले आज अभियंते होऊ पाहत आहेत, त्यांनी ह्या तिघांपैकी एकासही विसरू नये, एवढीच आमची इच्छा आहे.