न्यायमूर्ती रानडे आणि शेतमालाचा बाजार

शेतकरी बंधूंनो, भाव पडला की सरकारने हात घालावा, का बाजार मोकळा सोडावा? पारावरचा हा वाद न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याही काळी होता.

रानडे जन्मले निफाडला, १८ जानेवारी १८४२ रोजी. ते विशीत असताना अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली युद्ध संपलं, भाव कोसळला. पण सावकाराचं देणं राहिलं आणि साराही वाढला. मे १८७५ मध्ये सुपे गावी शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले. मग सरकारने १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा केला. पुढे त्याच कायद्याखाली रानडे विशेष न्यायाधीश झाले. शेतकऱ्याचं कर्ज त्यांनी असं जवळून पाहिलं.

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं, की इंग्लंडचं खुल्या बाजाराचं शास्त्र इथे जसंच्या तसं चालणार नाही. गरजू शेतकरी आणि सावकार यांचा सौदा बरोबरीचा कसा होणार? म्हणून पतपुरवठ्याला आणि उद्योगधंद्याला सरकारने आधार द्यावा. सारा मात्र वरचेवर वाढवू नये, असं त्यांचं मत.

रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी वारले. सहकारी पतसंस्थांचा कायदा त्यानंतर, १९०४ साली आला.

तेव्हा मंडळी, ग्रामसभेत हा विषय निघाला, तर सरकारने हात कुठे द्यायचा आणि कुठे आखडायचा, हे आधी ठरवा.