सँडो बनियनचं नाव ज्याच्यावरून पडलं, त्या गड्यानं जगाला टेप आणि तक्ता घेऊन व्यायाम करायला शिकवलं

दुकानात जायचं, "एक सँडो द्या" म्हणायचं आणि दुकानदारानं फक्त साइज विचारायची. बिनबाह्यांच्या बनियनला सँडो का म्हणतात, हे ना आपण विचारत, ना तो सांगत.

तर हा सँडो म्हणजे एक हाडामांसाचा माणूस होता. युजेन सँडो. या बनियनचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं मानलं जातं. आज जगातली सगळ्यात मानाची बॉडीबिल्डिंग स्पर्धा म्हणजे मिस्टर ऑलिम्पिया. ती जिंकणाऱ्याला 1977 पासून जी मूर्ती देतात, ती याच सँडोची.

पण त्याची खरी कमाई फक्त पिळदार दंड नव्हती. आज जिममधला ट्रेनर तुमची छाती, कंबर, दंड मोजतो, वहीत लिहितो आणि तीन महिन्यांनी परत मोजू म्हणतो. ही पद्धत घराघरात पोहोचवणाऱ्यांत सँडोचं नाव फार वर येतं.

सँडोचा जन्म 2 एप्रिल 1867 चा. गाव प्रशियातलं क्योनिग्सबर्ग, म्हणजे आजच्या रशियातलं कालिनिनग्राड. खरं नाव फ्रिडरिश विल्हेल्म म्युलर. सँडो हे पुढे घेतलेलं नाव.

लहानपणी आपण किडकिडीत होतो, असं तो सांगायचा. वडिलांसोबत इटलीला गेलो, तिथे जुने दगडी पुतळे पाहिले आणि आपलं शरीर असंच घडवायचं ठरवलं, ही त्याची आवडती गोष्ट. तिच्यात मीठमसाला किती, याबद्दल चरित्रकारांना शंका आहे. पण ज्याच्याशी तुलना करायची ते माप त्यानं डोळ्यासमोर ठेवलं होतं, एवढं मात्र त्याच्या पुढच्या आयुष्यावरून दिसतं.

सैन्यातली सक्तीची भरती टाळण्यासाठी त्यानं देश सोडला. सर्कशीत कामं केली. फिरत फिरत ब्रुसेल्सला पोहोचला आणि तिथे त्याला गुरू भेटला, लुडविग दुर्लाखर. लोक त्याला प्रोफेसर अटिला म्हणायचे. अटिलानं त्याला वजनांचा व्यायाम शिकवला. आज जे पेललं त्यापेक्षा पुढे थोडं जास्त पेलायचं, हा त्यातला साधा हिशोब.

1889 साली लंडनमध्ये सॅम्पसन नावाचा एक शक्तिमान रोज खेळ करायचा आणि प्रेक्षकांना आव्हान द्यायचा. मला हरवा, पैसे घेऊन जा. एका रात्री सँडो स्टेजवर चढला आणि त्यानं सॅम्पसनला त्याच्याच खेळात हरवलं. दुसऱ्या दिवसापासून लंडनभर त्याचं नाव झालं.

तिथून तो अमेरिकेत गेला. 1893 मध्ये शिकागोचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण व्यवस्थापकाच्या एक गोष्ट लक्षात आली. सँडो किती वजन उचलतो याच्याइतकंच, किंबहुना जास्त कुतूहल लोकांना त्याच्या स्नायूंचं होतं. मग खेळाची मांडणी बदलली. सँडो नुसता उभा राहून एकेक स्नायू दाखवायचा आणि तिकिटं संपायची. 1894 मध्ये एडिसनच्या स्टुडिओत त्याच्यावर एक छोटी फिल्मही निघाली.

त्याच काळात हार्वर्ड विद्यापीठाचे डॉ. डडली सार्जंट यांनी त्याची तपासणी केली. विद्यार्थ्यांची शरीरं मोजून त्यांच्या नोंदी ठेवणं हे सार्जंट यांचं कामच होतं. इतकं सुडौल शरीर आपण पाहिलं नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. शरीर आकड्यांत मांडता येतं, ही कल्पना त्यावेळी जोरात होती. सँडोनं ती उचलली आणि सामान्य माणसाच्या घरी नेली.

1897 मध्ये त्याचं ताकद कशी कमवावी या विषयावरचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी लंडनमध्ये व्यायामाची संस्था सुरू झाली. पुढच्या वर्षी मासिक निघालं.

पुस्तकात वयोगटानुसार तक्ते होते. कोणता व्यायाम, किती वेळा आणि किती दिवसांनी आकडा वाढवायचा, सगळं छापलेलं. डंबेल्स हलकेच, मोठ्या माणसासाठीसुद्धा दोन-सव्वादोन किलोच्या आसपास. पुढे त्यानं स्प्रिंगचा डंबेल विकायला काढला. डंबेलचे दोन उभे भाग, मध्ये स्प्रिंगा. व्यायाम करताना मूठ आवळून ते दोन्ही भाग दाबून धरायचे. ताकद वाढली की स्प्रिंगा वाढवायच्या. म्हणजे प्रगती कुठवर आली, ते हातातलं साधनच सांगणार.

संस्थेत आलेल्या माणसाची आधी तपासणी व्हायची, मापं घेतली जायची आणि मग त्याच्यापुरता व्यायाम ठरायचा. लांब राहणाऱ्यांसाठी टपालाची सोय होती. आपली मापं कळवा, व्यायाम घरपोच मिळेल. आजच्या ऑनलाइन कोचिंगचं हे पोस्टमनच्या पिशवीतलं रूप.

आता तुम्ही म्हणाल, मोजण्यात नवीन काय? आपल्या तालमीत पैलवान जोर-बैठका मोजतच होते की. बरोबर आहे. पण तिथे वस्ताद असायचा. कुणाला कधी किती वाढवायचं, हे त्याच्या नजरेत असायचं. ज्याच्या नशिबात वस्ताद नाही, अशा कारकुनाला, दुकानदाराला, विद्यार्थ्याला सँडोनं टेप आणि तक्ता दिला.

14 सप्टेंबर 1901 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं आपल्या शिष्यांची स्पर्धा भरवली. आधुनिक बॉडीबिल्डिंगची पहिली मोठी स्पर्धा म्हणून ती ओळखली जाते. परीक्षक तिघे. स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉस आणि शेरलॉक होम्स लिहिणारे आर्थर कॉनन डॉयल. गंमत म्हणजे सर्वात जाड दंडाला बक्षीस नव्हतं. शरीराची घडण, तिच्यातला समतोल, स्नायूंचा कस, तब्येत आणि त्वचेची अवस्था असं सगळं पाहिलं गेलं. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे जिंकला. बक्षिसाची मूर्ती घेऊन तो मध्यरात्रीनंतर राहायची जागा शोधत लंडनमध्ये फिरत होता आणि शेवटी डॉयल यांनीच त्याची हॉटेलात सोय केली, असं डॉयल यांनी आठवणींत सांगितलं आहे.

सँडो 1904-05 च्या सुमारास भारतातही येऊन गेला. पण त्याची पद्धत त्याच्या आधीच साताऱ्याकडे पोहोचली होती.

औंध संस्थानचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी 1897 च्या सुमारास सँडोची पुस्तकं आणि साधनं मागवली आणि जवळपास दहा वर्षं तोच व्यायाम केला. 1908 च्या आसपास मिरजेच्या संस्थानिकांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. 1909 मध्ये ते औंधचे राजे झाले. मग त्यांनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, त्यावर पुस्तक लिहिलं. सूर्यनमस्काराला डंबेल लागत नाही, स्प्रिंग लागत नाही, गरिबाच्या पोरालाही तो घालता येतो. साधन सुटलं, पण ठरलेल्या वेळी ठरलेला आकडा पूर्ण करायची शिस्त तशीच राहिली.

सगळेच काही राजे नसतात. जेम्स जॉइसच्या 1922 च्या 'युलिसीस' कादंबरीत लिओपोल्ड ब्लूम नावाचा डब्लिनचा साधा माणूस आहे. त्याच्या घरात सँडोचं पुस्तक आहे आणि खणात मापांचा कागद. दोन महिन्यांच्या व्यायामात छाती 28 इंचांवरून साडेएकोणतीस, दंड 9 वरून 10. पुढे व्यायाम सुटलाय आणि परत सुरू करायला पाहिजे हा विचार तेवढा डोक्यात येतो. शंभर वर्षांपूर्वीच्या या कागदात वर्षाची फी भरून दोन महिने जिमला गेलेले आपण सगळे आहोत.

ब्लूमसारख्या माणसांना सँडोनं एक गोष्ट मात्र ठळकपणे सांगितली नाही. त्याचं स्वतःचं शरीर नुसत्या हलक्या डंबेल्सवर घडलेलं नव्हतं. अटिलाकडे त्यानं जड वजनं पेलली होती. त्याच्या काळातल्या इतर शक्तिमानांनी यावर टीकाही केली. पुस्तकात शिष्यांची पत्रं छापलेली असायची, आधीची मापं आणि नंतरची मापं. आजच्या बिफोर-आफ्टर फोटोंचेच हे पूर्वज. हलक्या डंबेल्सनी लोकांना फायदा झाला, पण त्यातून प्रत्येकाचा सँडो होणार नव्हता.

म्हणून त्याचा तक्ता वापरताना फरक पडायचा तो तुलनेत. कालच्या आपल्या आकड्याशी तुलना करणाऱ्याला दीड इंच म्हणजे कमाई होती. सँडोच्या फोटोशी तुलना करणाऱ्याला तोच दीड इंच अपयश वाटायचा.

1911 मध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी त्याला व्यायामशास्त्राचा प्राध्यापक म्हणून किताब दिला. पण त्यानं काढलेला कोकोचा धंदा पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडाला. 14 ऑक्टोबर 1925 ला वयाच्या 58 व्या वर्षी तो लंडनमध्ये गेला. खड्ड्यात गेलेली गाडी एकट्यानं उचलल्यामुळे तो गेला, अशी कथा पसरली. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र महाधमनीला आलेल्या फुगवट्याचं कारण आहे.

आयुष्यभर ज्यानं लोकांना सगळं लिहून ठेवायला शिकवलं, त्याच्या पटनी व्हेलमधल्या थडग्यावर कित्येक वर्षं नावसुद्धा नव्हतं. बायकोची तशी इच्छा होती म्हणतात. 2008 मध्ये त्याच्या एका वंशजानं तिथे एक दगड उभा केला. त्यावर एकच शब्द आहे, सँडो.

तर आता सँडो घालून आरशासमोर दंड फुगवाल, तेव्हा एक टेपही जवळ ठेवा. आकडा तारखेसकट लिहा आणि दोन महिन्यांनी परत मोजा. ब्लूमनं इथपर्यंत केलं होतं. त्याच्यापुढे जायचं असेल, तर फक्त तिसऱ्या महिन्याची नोंद करायचीय.