बाळासाहेब खेर आणि मोहाची फुलं

चैत्र लागायच्या सुमाराला कोंडाण्याच्या बाजूला पहाटे मोहाची फुलं पडलेली असतात. वाडीवरच्या कातकरी, ठाकूर बायका टोपल्या घेऊन ती वेचतात. मैत्रिणींनो, ही फुलं जवळ बाळगणंसुद्धा एकेकाळी गुन्हा होता, हे मला लग्न होऊन इकडे आल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. इंग्रजांनी 1878 च्या अबकारी कायद्याने घरी दारू गाळणं बंद केलं आणि 1892 साली ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुलांवरच बंधन घातलं. दुकानातल्या दारूवर कर मिळे, घरच्या दारूवर नाही. एवढंच त्यामागचं कारण.

इंग्रजांचं एक वेळ समजतं. पण पुढे ज्यांच्या हातून हाच फास आणखी आवळला गेला, ते बाळ गंगाधर खेर हे आदिवासींचे खरे कैवारी होते.

खेरांचा जन्म 24 ऑगस्ट 1888 चा, रत्नागिरीचा. मुंबईत शिकले, सॉलिसिटर झाले, वकिलीत उत्तम जम बसला. तरी 1930 आणि 1932 च्या सत्याग्रहांत तुरुंगात गेले. 1937 साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले (मुख्यमंत्र्याला तेव्हा तसं म्हणत). त्यांच्याच काळात सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींची वेठबिगार आणि सावकारी पाश यांवर अहवाल दिला. 1940 मध्ये खेरांनी आदिवासी सेवा मंडळ काढलं. सत्ता गेल्यावर ठाण्याच्या जंगलातल्या माणसांसाठी काम उभं करणारा पुढारी विरळाच!

दारूबंदीही त्यांनी मनापासून आणली. 1 ऑगस्ट 1939 ला मुंबई शहरात ती सुरू झाली. बुडालेला महसूल भरून काढायला घरमालकांवर कर बसवला, तेव्हा केवढी ओरड झाली. नवऱ्याच्या पगाराची वाट बघणाऱ्या बाईला मात्र हा माणूस देवासारखा वाटला असेल. मी दारू उतरवायला वाड्यांवर फिरते, त्यामुळे खेरांचा हेतू मला परका नाही.

1946 मध्ये ते पुन्हा मुख्य झाले. 1949 साली दोन गोष्टी घडल्या. मुंबई राज्यात गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला; जन्मानेच चोर ठरवलेली माणसं मोकळी झाली. आणि त्याच वर्षी दारूबंदी कायदा आला. एप्रिल 1950 पासून सगळं राज्य कोरडं झालं, निदान कागदावर. हातभट्टी ओढ्याकाठी गेली. शहरातल्या बड्यांना प्रकृतीच्या कारणावरून परमिट मिळे. वाडीवरच्या माणसाला कोण देणार? धाड पडली की सापडायचा तो मडकं राखणारा. त्याला गूळ पुरवणारा आणि माल उचलणारा सहीसलामत सुटायचा. दूर अमेरिकेतही अमली पदार्थांच्या कायद्यात काळे आणि स्पॅनिश बोलणारे गरीबच जास्त तुरुंगात गेले, असं वाचलं तेव्हा मला ओळखीचंच वाटलं.

खेरांना हे दिसलं नसेल का? त्यांचा माणसाच्या सुधारण्यावर फार विश्वास होता, असं मला वाटतं. पोलिसाच्या हातात कायदा गेला की त्याचं काय होतं, हा हिशेब त्यात राहून गेला.

1952 मध्ये ते पायउतार झाले, लंडनला हायकमिश्नर म्हणून गेले, 1954 साली पद्मविभूषण मिळालं. राजभाषा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळलं आणि 8 मार्च 1957 रोजी वारले. साठच्या दशकात दारूबंदी सैल झाली, परवान्याची दुकानं आली. मोहाच्या फुलांवरची बंधनं उठायला मात्र 2021 साल उजाडलं.

वाडीवरची माझ्या ओळखीची एक मावशी तरुणपणी दोन मडक्यांसाठी तारखांना फेऱ्या मारायची, कडेवर पोर घेऊन. तिला खेर कोण हे ठाऊक नाही. गेल्या चैत्रात तिने मला वाळवलेल्या फुलांची पुरचुंडी दिली, आणि देताना सवयीने ती पदराखाली झाकली.